मूकपटातलं निम्मं काम टेलरनं केलंय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मूकपटांवर लेख आला होता, माहिती भरपूर होती, आवडला, पण त्यात एका ठिकाणी असं लिहिलंय की त्या काळातला अभिनय म्हणजे नुसते हातवारे आणि डोळे मोठे करणं, आज बघितलं की हसू येतं, तेव्हा हे पिक्चर इतिहास म्हणून एकदा बघायचे आणि सोडून द्यायचे. हे काय पटलं नाही साहेब. हसू येतं हे खरंय, पण कशामुळं येतं ते कुणी बघायचं? आणि दुसरं म्हणजे अख्ख्या लेखात कपड्यांबद्दल एक ओळ नाही. माझं सोलापूरच्या पूर्व भागात युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, शाळेचे, हॉस्पिटलचे, सिक्युरिटीवाल्यांचे ड्रेस शिवतो, त्यामुळं कुठलाही पिक्चर बघताना माझी नजर आधी कॉलरवर जाते आणि मग तोंडावर. घरचे वैतागतात. पण मूकपट बघायला ही सवय लई उपयोगी पडते, म्हणून हे पत्र, जरा मोठं झालंय, कापायचं तर कापा.

आधी हसण्याचं घेऊ. तेव्हाचा कॅमेरा बहुतेक वेळा हाताने हँडल फिरवून चालवायचे, सेकंदाला सोळा-अठरा फ्रेम म्हणजे फोटो, कधी जास्त कधी कमी, फिक्स असं काही नव्हतं. नंतर बोलपट आले तेव्हा आवाज बरोबर यायला पाहिजे म्हणून सेकंदाला २४ फ्रेम ठरल्या. आता तो जुना पिक्चर २४ च्या स्पीडने चालवला की झालं, माणसं तुरुतुरु पळतात, बाई डोळ्याला पदर लावते तर माशी हाकलल्यासारखं वाटतं. त्या बिचारीनं हात सावकाशच उचललेला असतो. वर आपण जे मोबाईलवर बघतो ती कॉपीची कॉपीची कॉपी, मधले सगळे करडे शेड उडालेले, उरलं नुसतं काळं आणि पांढरं, चेहरा खडूसारखा, डोळ्यातलं बारीक काही दिसतच नाही. खाली कुणीतरी भलतंच म्युझिक टाकलेलं. एवढं सगळं झाल्यावर आपण म्हणायचं की नटाला अभिनय येत नव्हता.

भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आंगिक म्हणजे अंगाचा, हात पाय मान नजर, वाचिक म्हणजे बोलण्याचा, आहार्य म्हणजे कपडे दागिने रंगरंगोटी, आणि सात्त्विक म्हणजे आतून येणारं, घाम, रडू, थरथर, अंगावर काटा. मूकपटात वाचिक गेलं, मधे मधे पाट्या यायच्या तेवढंच. मग सगळा लोड बाकीच्या तिघांवर आला. आंगिकवर तुमच्या लेखात लिहिलंय आणि त्यालाच नावं ठेवलीत. आहार्यचं नाव नाही.

आता ह्यात आमच्या धंद्यातली एक गंमत आहे. त्या काळात जी फिल्म वापरायचे, ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात तिला, तिला लाल रंग दिसायचाच नाही. म्हणजे लाल कापड पडद्यावर काळं यायचं आणि निळं कापड फिक्कं, जवळजवळ पांढरं. निळं आकाश पांढरं, लाल ओठ काळे. आपल्या चामडीतली लाली सुद्धा काळपट यायची म्हणून नट तोंडाला तो जाड फिक्का रंग थापायचे, आज तो भुतासारखा वाटतो, पण त्या फिल्मवर तो थापल्याशिवाय चेहरा धड दिसला नसता. विचार करा, लाल शालू नेसून नवरी उभी केली तर पडद्यावर काळ्या साडीत बाई उभी! म्हणजे कपडे निवडणाऱ्याला डोळ्यासमोरचा रंग सोडून पडद्यावर काय उतरणार त्या हिशोबाने कापड घ्यावं लागायचं. शेडकार्डवरनं ऑर्डर घेताना सुद्धा आम्ही किती वेळा तोंडावर पडतो, नेव्ही ब्लू म्हणून दिलेला माल गिऱ्हाईकाला ट्यूबलाईटखाली काळा दिसतो आणि भांडण सुरू. इथं तर लाल आणि काळ्याचीच अदलाबदल. लालाला सुद्धा ओळखणारी फिल्म सगळीकडे रुळायला १९२० चं दशक संपत आलं.

आपल्याकडचं बघू. फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र १९१३ ला आला, ३ मे ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. तारामती केली अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं, मुंबईत एका हॉटेलात काम करणारा माणूस, कारण कुठलीच बाई कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हती. लगेच त्याच वर्षी मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या, पण आपल्या पहिल्या पिक्चरची राणी साळुंकेच. आणि पुढं १९१७ ला लंका दहनमध्ये ह्याच साळुंकेंनी राम पण केला आणि सीता पण केली. एकाच पिक्चरमध्ये! आवाज नाही, म्हणजे आवाज बदलून फसवायची सोय नाही. फरक करायचा तो साडीनं, मुकुटानं, खांदा कसा धरला आणि पाऊल किती लांब टाकलं ह्याच्यावर. माझं तर म्हणणं आहे की अभिनयाच्या प्रत्येक क्लासमध्ये पहिला धडा म्हणून हे सांगावं. साडी नीट चापून नेसली की पाऊल आपोआप लहान पडतं, ते वेगळं शिकवावं लागत नाही.

हरिश्चंद्राची गोष्ट पण बघा की, कपड्यांनीच सांगता येईल अशी आहे. सुरुवातीला राजा मुकुट दागिने घालून मुलाला धनुष्यबाण शिकवतोय आणि शेवटी तोच माणूस स्मशानात डोंबाचा नोकर. मधे काय काय झालं हे आपल्याला आजीनं सांगितलेलं असतं, त्यामुळं अंगावरचा एकेक दागिना उतरताना बघूनच लोकांच्या पोटात कालवत असणार. फाळक्यांनी पहिल्यासाठी हीच गोष्ट का घेतली असेल ह्याचं एक कारण मला तरी हे वाटतं. त्यांचा १९१९ चा कालिया मर्दन आहे, त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झालीय, लहानगी पोर, आणि गोष्ट सुरू व्हायच्या आधीच नुसते तिच्या चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव दाखवलेत. म्हणजे फाळके आधीच सांगून टाकतात की ही माझी पोरगी आहे आणि हिला हे हे जमतं, आणि तरी नंतर आपण तिला कृष्णच समजतो. हा पिक्चर मिळाला तर जरूर बघा, पोरगी एक नंबर आहे.

परदेशातला एक मात्र मला सांगायचाच आहे कारण तो आमचाच पिक्चर आहे, युनिफॉर्मवाल्यांचा. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ, साल १९२४, इंग्लिशमध्ये त्याला द लास्ट लाफ म्हणतात. गोष्ट एवढीशी आहे. मोठ्या हॉटेलच्या दारात उभा राहणारा एक म्हातारा दरवान, अंगावर लांब कोट, खांद्यावर झुपके, दोन ओळीत चकचकीत बटणं. तो राहतो गरीब चाळीत पण कोट घालून घरी आला की अख्खी चाळ त्याला सलाम ठोकते, तो पण मिशीवर हात फिरवत सलाम घेतो. एक दिवस जड ट्रंक उचलताना दमतो आणि टेकतो, मॅनेजर बघतो, आणि त्याला दारावरनं काढून तळघरातल्या संडास-बाथरूमवर टॉवेल द्यायला बसवतात. कोट काढून घेतात, पांढरं साधं जाकीट देतात.

तो कोट काढतात तो सीन मी कितीदा थांबवून बघितलाय. जॅनिंग्ज नावाचा नट आहे, तेव्हा तो फक्त चाळीशीचा होता हे खरं वाटत नाही. कोट अंगात आहे तोवर हा माणूस डोंगर आहे, आणि कोट निघाला की पाठ वाकते, हात लोंबकळतात, पोट सुटल्यासारखं होतं, पाच मिनिटांपूर्वीचा माणूस तो हाच का असं वाटतं. लोक म्हणतील काय अभिनय केलाय, केलाच आहे, पण आमच्या बाजूनं पण ऐका. असल्या कोटाला आत कॅनव्हास असतो, छातीला वेगळा, खांद्याला पॅड, कॉलरला बकरम म्हणजे कडक कापड. तो कोट माणसाला वाकू देतच नाही, घातला की छाती पुढं येते, मान ताठ राहते. त्यात त्याचं वजन खांद्यावर असतं त्यामुळं चालण्याला एक ठेका येतो. बँडवाल्यांचे कोट शिवलेत आम्ही, ट्रायलला आलेलं किडकिडीत पोरगं कोट चढवलं की आरशासमोर इन्स्पेक्टर होऊन उभं राहतं. म्हणजे जॅनिंग्जला निम्मी मदत कोटानं केलीय आणि कोट गेल्यावर काय उरतं ते दाखवायचं काम त्याचं.

पुढं तर अजून आहे. घरात लग्न, चाळीला कळता कामा नये, म्हणून हा बाबा रात्री हॉटेलात जाऊन स्वतःचाच कोट चोरतो! आणि मग दुसऱ्या दिवशी कोट घालून घरनं निघायचं, स्टेशनवर सामान ठेवायच्या खिडकीत कोट जमा करायचा, आणि तळघरात जाऊन टॉवेल द्यायचे. ह्या सगळ्याला संवादाच्या पाट्या जवळजवळ नाहीतच. शेवटाच्या आधी एक पाटी येते, की खरं तर गोष्ट इथंच संपायला पाहिजे पण लेखकाला दया आली, आणि मग म्हाताऱ्याला अचानक घबाड मिळतं वगैरे. तो शेवट मला नाही आवडत, जोडलेला वाटतो. पण कोटाचा भाग असा आहे की ज्याला अक्षर वाचता येत नाही तो पण रडेल. ह्याच जॅनिंग्जला पुढं बेस्ट ॲक्टरचं पहिलंवहिलं ऑस्कर दोन पिक्चरसाठी मिळालं आणि त्यातल्या एकात परत तेच, देशोधडीला लागलेला रशियन जनरल हॉलिवूडमध्ये एक्स्ट्रा म्हणून काम करतोय आणि त्याला शूटिंगसाठी जनरलचाच ड्रेस घालायला देतात. युनिफॉर्मचं एवढं कुणाला कळलं असेल असं वाटत नाही.

आपल्या सोलापूरकरांना हे समजायला तर काहीच अवघड नाही. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, पांढरी बाराबंदी घातलेला माणूस दिसला की तो नंदीध्वजाचा मानकरी किंवा सेवेकरी हे कुणी सांगावं लागत नाही, एरवी तो रिक्षा चालवत असेल नाहीतर यंत्रमागावर असेल, पण त्या दिवशी त्याची चालच वेगळी असते.

चॅप्लिनबद्दल सगळेच लिहितात म्हणून थोडक्यात. १९१४ ला त्यानं तो ट्रॅम्प आणला, कोट घट्ट, पँट ढगळ, टोपी बारकी, बूट मोठे. मापाच्या दृष्टीनं बघितलं तर प्रत्येक गोष्ट चुकलेली आहे पण एकाच बाजूला नाही चुकलेली, वर कमी आणि खाली जास्त, त्यामुळं असं दिसतं की सगळं दुसऱ्या कुणाचं तरी उतरलेलं आहे आणि तरी गडी टाय लावून काठी फिरवत साहेब असल्यासारखा चाललाय. गरिबी आणि ऐट दोन्ही एका ड्रेसमध्ये. आमच्या युनिटमध्ये काज-बटणाला आणि पॅकिंगला ज्या बायका आहेत त्यातल्या बऱ्याच जणी तेलुगू बोलणाऱ्या, दोघी-तिघी कन्नड, एक उर्दूवाली, त्यांच्यात हिंदी पिक्चरवरनं पण वाद होतात, ही म्हणते काय बोलला ती म्हणते कळलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांना सिटी लाइट्सचा शेवट दाखवला मोबाईलवर. आंधळी फुलवाली आता बघू शकते, समोर जेलमधनं सुटलेला फाटका माणूस, पोरं त्याच्या पँटीच्या भोकातनं चिंधी ओढून चिडवतायत, तिला दया येते, ती नाणं द्यायला त्याचा हात धरते आणि हात धरल्यावर तिला कळतं. एकीनं डबा बाजूला ठेवला आणि डोळे पुसले. कुणीही विचारलं नाही काय बोलला म्हणून. आणि एक मावशी काय म्हणाली माहितीये, अशी पँट कुठल्या टेलरनं फाडून दिली असेल, बरोबर जागेवर फाडलीय! हा पिक्चर १९३१ चा आहे, म्हणजे त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे आलम आरा येऊन लोक गाणी म्हणायला लागले होते आणि हा गडी अजून तोंड बंद ठेवून बसला होता.

राहता राहिलं हातवाऱ्यांचं. होते, नाही कुठं म्हणतोय, नाटकातनं आलेले नट होते, शेवटच्या रांगेपर्यंत दिसायला पाहिजे ही सवय लागलेली. पण सगळे तसे नव्हते. बस्टर कीटन तर तोंडावरची रेषा हलवत नाही, द जनरल नावाच्या पिक्चरमध्ये रेल्वे इंजिनाच्या चाकाच्या दांड्यावर उदास बसलाय, इंजिन चालू होतं, दांडा वर-खाली जातोय, आणि ह्याच्या चेहऱ्यावर काही नाही, तेच हसवतं आणि तेच वाईट पण वाटायला लावतं. लिलियन गिश, १९१९ चा ब्रोकन ब्लॉसम्स, दारुड्या बापाच्या धाकात असलेली पोरगी, बाप हस म्हणतो आणि हिला हसू येत नाही म्हणून दोन बोटांनी ओठांची टोकं वर ढकलते. ह्याला ओव्हरॲक्टिंग म्हणणार का? आणि १९२८ चा जोन ऑफ आर्क, ड्रायरचा, त्यात फाल्कोनेट्टी नावाच्या बाईच्या तोंडावर मेकअपच नाही, लालाला ओळखणारी नवी फिल्म आली होती म्हणून ते जमलं, केस पण कापलेले, कातडीवरचं सगळं दिसतं. वर ज्याला सात्त्विक म्हटलं ते हेच. त्यात पुन्हा कपड्याची गोष्ट आहेच, कारण जोनवर खटला चालला त्यात पुरुषाचे कपडे घातले हा पण एक आरोप होता. म्हणजे तिनं जे घातलंय तेच कोर्टात उभं आहे.

आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं नाव घेतल्याशिवाय हे पत्र संपवलं तर कोल्हापूरचे पाहुणे घरात घेणार नाहीत मला. मुळात चित्रकार माणूस. १९२५ चा त्यांचा सावकारी पाश, त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम, जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात येऊन गिरणी कामगार होतो. देव-दानव, मुकुट-गदा सगळीकडे चालू असताना ह्या माणसानं साध्या शेतकऱ्याचे साधे कपडे पडद्यावर आणले, आणि साधे कपडे आणणं जास्त अवघड असतं, भरजरीत चूक लपते. सोलापूरला तर ही घरची गोष्ट आहे, जुन्या मिलच्या भोंग्यावर उठणारं गाव होतं हे, कितीतरी लोकांचे आजे-पणजे असेच जमीन सोडून आले. पण हा मूकपट आपल्याला आज बघायला मिळत नाही, त्या काळच्या बहुतेक मूकपटांचं तेच झालं, नायट्रेटची फिल्म, जळाली तरी गेली आणि तशीच पडून राहिली तरी कुजून गेली. राजा हरिश्चंद्राच्या सुद्धा चारातली दोनच रिळं शिल्लक आहेत.

आणि न बोलता सांगायची ही कला संपली असं पण नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या मंजुळेंनी सैराटच्या शेवटी आवाजच बंद केला आणि लहान पोराची पावलं दाखवली, थिएटरात कुणी शिट्टी मारली का तेव्हा? आणि फँड्रीतल्या जब्याला काय पाहिजे असतं, जीन्सची पँट. एका पँटीत जात, गरिबी, प्रेम सगळं आलं.

एक बारीक तक्रार तुमच्याबद्दल पण आहे, राग मानू नका. लेखासोबत जे फोटो छापलेत ते सगळे गळ्यापाशी कापलेत. नुसती मुंडकी. जागा कमी असते हे कळतं पण मूकपटाचा फोटो पायापर्यंत छापा हो, बूट-चप्पल सुद्धा दिसू द्या.

आता मुद्द्याची मागणी. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यांच्याकडे आपले उरलेसुरले मूकपट जपून ठेवलेत. आपल्याकडे हुतात्मा स्मृती मंदिर आहे, नाटकं होतात, ऑर्केस्ट्रा होतात. मग दर वर्षी ३ मे ला किंवा त्याच्या आसपासच्या रविवारी एखादा मूकपट बरोबर स्पीडला लावून, खाली पेटी-तबलावाले बसवून का दाखवू नये? तेव्हा असंच वाजवायचे की. पेटीवाले तबलावाले सोलापुरात ढिगानं आहेत, भजनी मंडळातले सुद्धा चालतील, त्यांना प्रसंग बघून ठेका बदलायची सवय असते. सुरुवात कालिया मर्दनने करा, पोरांना आणता येईल, शाळांना सुट्ट्या असतात. महानगरपालिकेनं हॉल द्यावा, तुम्ही पेपरात जाहिरात द्या, तिकीट ठेवायचं तर वीस-तीस रुपये ठेवा, त्यापेक्षा जास्त नको नाहीतर आमच्या युनिटमधल्या बायका येणार नाहीत. पूर्व भागातल्या लोकांसाठी दुपारचा शो ठेवा, संध्याकाळी माग सोडून कुणी येत नाही. पडद्याला कापड कमी पडलं तर सांगा, तेवढं आमच्याकडून.

आपला,
एक कटिंग मास्तर आणि नियमित वाचक
पूर्व भाग, सोलापूर